रस्ता खोदा, पण चालायची वाट बिलात धरा

तालुक्याच्या गावात मुख्य रस्त्याचे काम निघाले की आधी अधिसूचना येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ चा आधार आणि खाली तपशील: जड वाहने बायपासने, हलकी वाहने मागच्या आळीतून, एसटी गाड्या स्टँडात न येता नाक्यावर थांबतील. ती वर्तमानपत्रात छापून येते, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. अशा अधिसूचना मी लक्ष देऊन वाचत आले आहे. चालणाऱ्याने कुठून जायचे, हे त्यांत मला आजवर सापडलेले नाही. नाक्यावर उतरलेली बाई तिथून ग्रामीण रुग्णालयापर्यंत कशी पोहोचणार, शाळेपुढचा रस्ता उकरला असेल तर पहिलीची मुले फाटकातून आत कशी शिरणार, हे प्रश्न त्या कागदाच्या बाहेरच राहतात. वाहनाला पर्यायी मार्ग द्यावा लागतो हे प्रशासनाला पक्के ठाऊक आहे. पायी जाणाऱ्याचे त्याने पाहून घ्यायचे.

माझे म्हणणे सरळ आहे. काम चालू असताना पादचाऱ्यांसाठी सुरक्षित वाट ठेवणे हे कंत्राटदाराच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही. ती वाट अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून यायला हवी. तिचे मोजमाप व्हावे, तिचे पैसे मिळावेत, आणि ती जागेवर नसेल तर खोदाईचे बिलही अडावे. एवढे होत नाही तोवर बाकीची आवाहने, निवेदने आणि ‘सहकार्य करा’चे फलक यांनी काही बदलणार नाही.

लहान गावात हा प्रश्न शहरापेक्षा जास्त बोचतो, कारण इथे लोक चालतात. २०११ च्या जनगणनेत विचारले गेले की शेतीबाहेरच्या कामावर माणसे कशी जातात. जे घराबाहेर पडून कामाला जातात त्यांच्यात सर्वांत मोठा गट निघाला तो पायी जाणाऱ्यांचा. तालुक्याच्या ठिकाणी तर आसपासच्या तीस-चाळीस खेड्यांतली माणसे सकाळच्या एसटीने येतात आणि मग दिवसभर चालतातच: तहसील, बँक, सेतू केंद्र, दवाखाना, बाजार, परत स्टँड. बाजाराच्या दिवशी डोक्यावर पाटी घेतलेल्या बायका, हातगाड्या, काठी टेकत आलेले म्हातारे, सगळे त्याच एका रस्त्यावर. या गावांत फूटपाथ बहुतेक नसतोच. असला तर गटारावरच्या फरशा हाच फूटपाथ. रस्त्याच्या कामात पहिल्यांदा उचलल्या जातात त्या याच फरशा.

काम सुरू झाल्यावर जमिनीवर नेमके काय होते, ते नीट पाहिले पाहिजे. काँक्रीटचा रस्ता अर्धा-अर्धा करतात. एक बाजू ओतायची, दुसरीवरून वाहतूक चालू ठेवायची. ओतलेली बाजू जुन्या रस्त्यापेक्षा वीतभर, कधी त्याहून जास्त उंच होते. फूटपाथची कड १५ सेंटिमीटरपेक्षा उंच असू नये, असे रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची पादचारी सुविधांची मार्गदर्शिका सांगते. इथे त्याहून उंच पायरी आठवडेच्या आठवडे उघडी असते आणि तिला कुठे उतार नसतो. त्यातच, पुढे दोन्ही बाजू एकमेकींना जखडल्या जाव्यात म्हणून पहिल्या पट्ट्याच्या कडेतून ठरावीक अंतरावर सळ्या बाहेर ठेवलेल्या असतात. त्या पोटरीच्या उंचीवर असतात, सात-आठ वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याला लागतील अशा. दिवसा त्या दिसतात. रात्री, पथदिव्यांचे खांब हलवायला काढलेले असताना, दिसत नाहीत. त्यांच्या टोकांना घालायच्या प्लास्टिकच्या टोप्या बाजारात मिळतात आणि त्या महाग नाहीत. आमच्याकडच्या कामावर मी त्या एकदाही पाहिल्या नाहीत.

भुयारी गटाराची चारी याहून वाईट. ती कमरेएवढी, कुठे पुरुषभर खोल असते. जेसीबी तिच्यातली माती उपसून जिथे टाकतो ती जागा म्हणजे नेमकी चालायची कड. म्हणजे माणसाला एका बाजूला ढीग आणि दुसऱ्या बाजूला खड्डा, आणि चालायचे तर डंपरच्या वाटेत उतरून. दुकानदार आपापल्या पायरीपासून पलीकडे सेंट्रिंगची फळी टाकतात. तीच फळी गिऱ्हाईकाला आणि तीच रुग्णालयाकडे निघालेल्या गरोदर बाईला. फळीला कठडा नाही, खाली आधार नाही, पावसात ती निसरडी होते. आणि जून आला की चारीत पाणी भरते. भरलेल्या चारीची खोली कळत नाही, डबके आणि पाच फूट खड्डा वरून सारखाच दिसतो. त्याच महिन्यात शाळा उघडतात.

रस्त्यावर मरणाऱ्यांची मोजदाद तरी होते. २०२३ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,७२,८९० माणसे मेली, त्यांपैकी ३५,२२१ पादचारी होती. म्हणजे पाचातले एक माणूस पायी चालणारे. केंद्राच्या अहवालात काम चालू असलेल्या रस्त्यांवरील अपघातांचा वेगळा रकानाही आहे. पण सळईने फाटलेली पोटरी, फळीवरून घसरून मोडलेला खुबा, ढिगावरून उतरताना मुरगळलेला पाय यांची नोंद कुठे होते? वाहन आदळले नसेल तर पोलिसांकडे कोणी जात नाही. सत्तरीच्या माणसाचा खुबा मोडला की बहुतेकदा त्याचे स्वतंत्र जगणे तिथेच संपते आणि घरातल्या एका बाईची नोकरी किंवा मजुरी सुटते. सरकारी कागदात मात्र त्या रस्त्याचे काम अपघाताविना पूर्ण झालेले असते.

कायदा नाही म्हणून हे घडते, असेही नाही. खड्ड्यांबाबत मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेल्या याचिकेत न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने मे २०१५ मध्ये सांगितले की, नीट रस्ते आणि पदपथ मिळणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. बरोबर दहा वर्षांनी, मे २०२५ मध्ये, तेच न्यायमूर्ती सर्वोच्च न्यायालयात असताना त्यांच्या खंडपीठाने पदपथ वापरण्याच्या पादचाऱ्यांच्या हक्काबद्दल देशभरासाठी हीच भूमिका घेतली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९८ अ आले. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार न केल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंड. काम चालू असताना वाहतूक कशी सांभाळायची याची इंडियन रोड्स काँग्रेसची स्वतंत्र मार्गदर्शिका आहे, एसपी ५५ या क्रमांकाची. आगाऊ सूचना कुठे, कठडे कुठे, दिवे कुठे, हे सगळे तिच्यात आहे. निविदेच्या जाड बाडात तिचा उल्लेखही असतो.

मग ती जागेवर का उतरत नाही? उत्तर निविदेच्या त्याच बाडात आहे. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या मानक तपशिलात कलम ११२ हे कामादरम्यानच्या वाहतूक व्यवस्थेचे आहे. वाहतुकीला कमीत कमी अडथळा येईल असे काम करावे, फलक, कठडे, दिवे लावावेत, अशा चांगल्या सूचना त्यात आहेत. पण पैशांचा मुद्दा आला की यातले बहुतेक सगळे ‘कामाच्या अनुषंगाने’ येणारे, म्हणजे वेगळे पैसे न मिळणारे ठरते. नगरपरिषदांच्या अंदाजपत्रकांची रीतही हीच. खोदाई घनमीटरवर, खडीकरण घनमीटरवर, काँक्रीट घनमीटरवर. चालण्याची वाट मात्र कशावरच नाही.

ज्याने कधी सरकारी काम जवळून पाहिले आहे त्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. झालेल्या कामाची मापे नोंदवतात त्या मोजमाप पुस्तिकेत जे चढते तेच होते. कनिष्ठ अभियंता टेप घेऊन जागेवर येतो तो पुस्तिकेत बाब आहे म्हणून. कठड्याची बाब नसेल तर तो कठडा मोजत नाही, आणि कठडा नाही म्हणून बिल थांबवण्याचे हत्यारही त्याच्या हातात राहत नाही. कंत्राटदाराच्या बाजूने पाहिले तरी तेच. निविदा तो १५-२० टक्के कमी दराने भरतो. ज्याचे पैसे मिळत नाहीत आणि जे न केल्याने काही कापले जात नाही, ते काम तो का करील? एखादा भला ठेकेदार करतोही. पण तो पुढच्या निविदेत मागे पडतो, कारण त्याचा खर्च जास्त. आपली पद्धत काळजी घेणाऱ्यालाच तोटा देते, हे मला सर्वांत जास्त खुपते.

म्हणून वाट बिलात धरा. ‘पादचाऱ्यांसाठी तात्पुरती वाट, किमान एक मीटर मोकळी रुंदी, खोदाईच्या बाजूने घट्ट कठडा, रात्री दिवा’ अशी बाब, दर धावत्या मीटरला आणि दर दिवसाला. ‘चारी ओलांडण्यासाठी दोन्ही बाजूंना कठडा असलेला लोखंडी पूल’ ही बाब, नगावर. दरसूचीत दर नसेल तर दर विश्लेषण करून तांत्रिक मंजुरी घेता येते. दुसऱ्या अनेक बाबींसाठी ते रोज होतेच. दोन कोटींच्या कामात यासाठी एक टक्का धरला तर दोन लाख होतात, आणि लोखंडी पूल व कठडे एकदा घेतले की पुढच्या पाच कामांना वापरता येतात. नगरपरिषदेने ते स्वतः विकत घेऊन भाड्याने द्यायलाही हरकत नाही.

पैसे कापण्याची यंत्रणा तर तयारच आहे. प्रत्येक सरकारी बांधकामाच्या बिलातून मजूर कल्याणासाठी एक टक्का उपकर कापला जातो, ही पद्धत १९९६ च्या कायद्याने आणली. मुरूम-खडीची रॉयल्टी भरल्याचा पुरावा नसेल तर तीही कापतात. अनामत राखून ठेवतात. यातले काहीही कंत्राटदाराच्या मर्जीवर सोडलेले नाही आणि म्हणूनच ते वसूल होते. वाट जागेवर नव्हती त्या दिवसांचे पैसे अशाच पद्धतीने, ठरलेल्या दराने कापता येतील.

यावर तीन आक्षेप हमखास येतात. ‘थोडे दिवस त्रास सहन करा, रस्ता तुमच्यासाठीच होतोय’ हा पहिला. थोडे दिवस म्हणजे किती, हे आधी कोणी लिहून द्यायला तयार नसते. काँक्रीट पुरते ताकदीला यायला २८ दिवस धरतात. तेवढे समजू शकते. पण उकरलेला रस्ता पाइप आला नाही म्हणून, खांब हलवले नाहीत म्हणून, आधीचे बिल निघाले नाही म्हणून महिनोन्‌महिने पडून असतो, त्याला त्रास सहन करणे म्हणत नाहीत. आणि ज्याचा खुबा मोडला त्याला नवा रस्ता कधी वापरता येणार?

‘आमचे रस्ते अरुंद, वाट काढायला जागाच नाही’ हा दुसरा आक्षेप, आणि तो खरा आहे. गावठाणातला बाजाररस्ता सहा-सात मीटरचा असतो. निम्मा खोदला की तीन मीटर उरतात. तिथे निवड करावीच लागते, आणि आज ती न बोलता वाहनाच्या बाजूने केली जाते. मला वाटते ती उलट असायला हवी. मोटारसायकलला दोन किलोमीटरचा वळसा पडला तर पाच मिनिटे जातात. तोच वळसा पायी घ्यायचा तर धडधाकट माणसाला अर्धा तास लागतो, दम्याच्या रुग्णाला तो जमतच नाही. जागा एकालाच पुरत असेल तर ती चालणाऱ्याला द्यावी आणि दुचाकीसकट सगळी वाहने वळवावीत. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाच्या गाडीसाठी आधी मार्ग ठरवून ठेवावा. दुकानदारांचा याला विरोध होईल असे म्हणतात. पण खोदलेल्या रस्त्यावर दुकानाचा धंदा बसतो तो गाडी दारात येत नाही म्हणून कमी, आणि माणूस दारापर्यंत चालत येऊ शकत नाही म्हणून जास्त. आपल्या खर्चाने फळ्या टाकणाऱ्या दुकानदाराला हे कोणी समजावून सांगायला नको.

खर्च वाढेल, हा तिसरा. वाढेल, थोडा. तो वाचवला तर तो कुठेतरी जातोच: खासगी दवाखान्याच्या बिलात, बुडालेल्या मजुरीत. फक्त नगरपरिषदेच्या हिशेबात दिसत नाही.

कामाचे टप्पे पाडणे हा याच मागणीचा दुसरा अर्धा भाग. दोन किलोमीटर रस्ता एका आठवड्यात उकरून ठेवतात आणि मग एका टोकाने हळूहळू भरत येतात. याचे कारण तांत्रिक नाही. यंत्र तासाच्या भाड्यावर येते, ते एकदाच आणलेले परवडते. शिवाय खोदाईचे मोजमाप झटपट भरते आणि पहिले चालू बिल लवकर निघते. वर मार्चअखेरचा निधी खर्ची पाडायची घाई. निविदेतच अट घाला: एका वेळी शंभर-दीडशे मीटरपेक्षा जास्त लांबी उघडी राहणार नाही, आधीचा तुकडा भरून चालण्याजोगा झाल्याशिवाय पुढच्या तुकड्याच्या खोदाईचे मोजमाप घेतले जाणार नाही. याला फारसा जादा खर्च लागत नाही. ठेकेदाराचे वेळापत्रक तेवढे बदलावे लागते.

कोकणाने या बाबतीत खूप सोसले आहे. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण दशकाहून जास्त चालले आणि तो महामार्ग गावांच्या बाजूने जात नाही, पोटातून जातो. कणकवलीत तो ऐन बाजारातून गेला. १६ ऑक्टोबर २०२३ ला चिपळुणात बहादूरशेख नाक्यावर उड्डाणपुलाचा बांधकामाधीन भाग गर्डर आणि यंत्रासह खाली आला. जीवितहानी झाली नाही, हे त्या दिवसाचे नशीब. ज्या नाक्यावर रोज हजारो माणसे ये-जा करतात तिथे डोक्यावर असले काम चालू असताना खालची जागा किती बंद ठेवायची, लोकांना कुठून न्यायचे, हे नशिबावर सोडण्याचे विषय नव्हेत. कणकवलीतच जुलै २०१९ मध्ये चिखल आणि खड्ड्यांनी संतापलेल्या आमदारांनी आणि कार्यकर्त्यांनी पुलावर उपअभियंत्याच्या अंगावर चिखल ओतला. लोकांचा संताप खोटा नव्हता. पण एका अधिकाऱ्याचा अपमान झाला, खटला झाला, आणि पुढच्या निविदेत पादचाऱ्यांसाठी एक ओळही वाढली नाही. लोकप्रतिनिधींनी आपले बळ त्या ओळीसाठी खर्च केले असते तर मी त्यांच्या मागे उभी राहिले असते.

मालकीचा गोंधळ आणखी एक. एकाच चौकात महामार्ग एका खात्याचा, जिल्हामार्ग सार्वजनिक बांधकामचा, पाण्याची लाइन जीवन प्राधिकरणाची, केबल खासगी कंपनीची, गटार नगरपरिषदेचे. तक्रार घेऊन गेलेला माणूस या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो. माझ्या मते गावाच्या हद्दीत पादचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी उत्तरदायी एकच पद असावे, मुख्याधिकाऱ्याचे. नगरपरिषदेच्या रस्त्यावर खोदाईची परवानगी तेच कार्यालय देते, दुरुस्तीची रक्कमही तेच भरून घेते. त्या परवानगीत वाटेची, दिव्यांची, टप्प्यांची अट घालणे त्यांच्या हातात आहे. दुसऱ्या खात्याचा रस्ता असेल तिथे लेखी हरकत नोंदवणे तरी त्यांच्या हातात आहेच.

१३ ऑक्टोबर २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि न्यायमूर्ती संदेश पाटील यांच्या खंडपीठाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख, जखमी झाल्यास पन्नास हजार ते अडीच लाख भरपाई देण्याचे आदेश दिले, आणि ती रक्कम जबाबदार ठेकेदार-अधिकाऱ्यांकडून वसूल करायला सांगितले. हा निकाल गावागावांत वाचून दाखवावा इतका महत्त्वाचा आहे. जखमी झालेल्याने छायाचित्र, तारीख, दवाखान्याचा कागद जपून ठेवावा आणि दावा करावा. पण भरपाई माणूस पडल्यानंतर मिळते. अंदाजपत्रकातली ओळ तो पडण्याआधी कामाला येते.

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या. बऱ्याच गावांत काही वर्षांच्या प्रशासकीय कारभारानंतर लोकांनी निवडलेली सभा आली आहे. या सभांनी एक ठराव करावा: यापुढे आपल्या निधीतून निघणाऱ्या रस्ते, गटार आणि पाणी योजनेच्या प्रत्येक अंदाजपत्रकात पादचारी वाट आणि चारीवरचे पूल यांच्या स्वतंत्र बाबी असतील, उघड्या खोदाईच्या लांबीची मर्यादा असेल, कामाच्या फलकावर ठेकेदाराच्या नावाखाली काम पूर्ण होण्याची तारीख आणि तक्रारीसाठी कनिष्ठ अभियंत्याचा क्रमांक असेल, आणि प्रत्येक चालू बिलासोबत त्या आठवड्यातली वाटेची छायाचित्रे जोडलेली असतील. नगरसेवकाने विषयपत्रिकेवर हा विषय मागितला नाही, तर प्रभागातल्या लोकांनी लेखी अर्ज देऊन तो मागावा. चालू कामाचे अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत माहितीच्या अधिकारात मिळते. ती काढून, आपल्या दारापुढच्या चारीला कठड्याची बाब धरली होती का, एवढे पाहावे. धरली नसेल तर ती प्रत सभेपुढे ठेवावी. धरली असूनही कठडा नसेल, तर बिल कोणत्या तारखेला आणि कोणाच्या सहीने निघाले हे त्याच पुस्तिकेत लिहिलेले असते.